पुढची भिंत

सोलापूर स्टेशनवर हैदराबादच्या गाडीत मला बसवून देताना वडिलांनी खिडकीतून एवढेच सांगितले होते, "तितं कुणी इचारलं तर घरचं बरं हाय म्हणावं. रडगाणं गाऊ नगंस." धाकटा भाऊ दत्तू मेंढरांमागे रानात होता, त्याचा निरोप घेणे राहूनच गेले. मोहोळजवळच्या गावातले आमचे मातीच्या छताचे माळवद सोडले, तेव्हा मी पंचविशीत होतो. आता पंचावन्नाव्या वर्षी, मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठी, हे लिहीत आहे.

हैदराबादेत मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दुकानदाराशी दखनी उर्दूत, शेजाऱ्यांशी तेलुगूत बोलतो. रागावतो मात्र अजून मराठीतच. गोवळकोंड्यात दाटी झाली, पाणी पुरेनासे झाले, म्हणून मुसी नदीच्या काठी नवे शहर वसले, हे दरवर्षी सांगतो. ते पुढे निजामाची राजधानी झाले, मग आंध्रची आणि आता तेलंगणाची आहे. कमानीवरचा लेख वाचून थांबू नका, मागे जाऊन पाहा, असेही विद्यार्थ्यांना बजावतो.

गेल्या महिन्यात दत्तूच्या घराची मागची खोली खचली. ग्रामीण घरबांधणीसाठी सवलतीचे कर्ज मिळते, म्हणून मीच आग्रहाने त्याला सोलापूरला बँकेत नेले. सोबत कोणी शिकलेले नसल्यामुळे त्याचे काम आजवर अडले असावे, अशी माझी समजूत होती. अधिकारी बाईंनी त्याचे नाव तपासले. "हे पात्रतेत बसत नाहीत. सर्वेक्षणात पक्कं घर लिहिलंय, फोटोही आहे," असे म्हणून त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली.

सिमेंटचा गिलावा केलेली भिंत होती, आणि तिच्यापुढे इस्त्रीचा शर्ट घालून मी उभा होतो.

पुतणीच्या लग्नापूर्वी पुढची भिंत तेवढी विटांची बांधली होती. बाकीच्या तिन्ही मातीच्याच होत्या. त्यानंतरच्या एका सुट्टीत मी हैदराबादचे पाहुणे घेऊन गावी गेलो असताना सर्वेक्षणाचा माणूस आला. दत्तू रानात होता. "घर कच्चं की पक्कं?" त्याने विचारले. पाहुण्यांदेखत मी म्हणालो, "पक्कं आहे." त्याला चहा पाजला, भिंतीपुढे फोटोला उभा राहिलो, मागे मात्र त्याला जाऊ दिले नाही. खोटे बोलल्याइतकाच धक्का मला याचा बसला, की हे मी साफ विसरलो होतो.

बाहेर येऊन दत्तूला विचारले, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय की, दादा. पंचायतीत दावला हुता फोटू, लई वर्सं झाली. मालन म्हणली, भावजी नवरदेवावानी उभं ऱ्हायल्यात."

मालन म्हणजे त्याची बायको. मला हसता आले नाही. "मग मला बोलला का नाहीस?"

"बोलून काय? तुमाला खाली मान घालाय लागली असती."

दुसऱ्या दिवशी, माझे तेव्हाचे सांगणे खोटे होते, फेरतपासणी व्हावी, असे मी पंचायतीत लिहून दिले. ग्रामसेवकाने कुटुंबाची यादी काढली. आई, दत्तू, मालन, आणि खाली मीसुद्धा.

"तुमचा तिकडं फ्लॅट असंल की," तो म्हणाला. "मग हे कुटुंब पुन्हा अपात्र. नाव कमी करायचं का?"

तीस वर्षे हैदराबादेत कोणीही विचारले, की मी याच घराला माझे घर म्हणत आलो. दत्तू चपलेने जमीन उकरत राहिला. तो 'करा' म्हणणार नव्हता. मीच म्हणालो आणि सही केली.

पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "कागदावरनं गेला म्हणून जेवाय यायचं सोडू नगा. मालननं भाकरी टाकल्यात."

फेरतपासणी अजून व्हायची आहे. कर्ज मिळेल की नाही, कोणी सांगत नाही. त्या दिवशी मी मागच्या बाजूने, खचलेल्या खोलीतून आत गेलो. चुलीपुढे मालन होती. "बसू का?" मी विचारले. जन्मलो त्या घरात मी हे प्रथमच विचारत होतो. तिने पाट पुढे सरकवला.