पोटाले पट्टी बांधून पॉवर योगा

उडी मारा म्हणून मीच बोलली आन् उडी मारून मीच थांबली. पायाखालची मॅट ओली झालती. बायाईच्या ध्यानात येऊ नये म्हणून मी पाण्याची बाटली पायानं पाडली. "सांडलं ना," म्हणलं आन् पुसायले बसली. पुसता पुसता मले धड श्वास बी घेता येऊन नाही राह्यला.

भरवेलीत खदानीच्या कॉलनीजवळ एका हॉलमंधी मी बायाईले योगा शिकवते. शाळा नववीपर्यंत, मंग एक शिबिर केलं, बस. सेंटर बालाघाटच्या मॅडमचं.

बॅच दोन. पॉवर योगा म्हंजे एक आसन झालं की न थांबता दुसरं, मंधात उड्या, पसीना निघालाच पायजे. दुसरी हळूची. तिच्यात एका आसनात थांबायचं, पोटानं श्वास घ्याचा. तिच्यात म्हाताऱ्याच येत. मॅडमनं सांगून ठेवलतं, "स्लो तो लोग घर में मोबाइल देख के कर लेते. तू पॉवर भर, नहीं तो बैच बंद." बॅच बंद म्हंजे मी बंद.

माही पोरगी तवा तीन-चार मयन्याची. आमच्यात बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधते. मायनं बांधलं त ते आरामापुरतं होतं. मी तेच कुरत्याखाली गच्च आवळून क्लास घेऊन राह्यलती, पोट सपाट दिसावं म्हणून. आन् बायाईले सांगू, पोट फुगू द्या, लंबा श्वास घ्या.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर पूजा आली. लालबर्र्याची पोरगी, इथं सून म्हणून आलेली, ते बी नवी बाळंतीण. माह्या हातात ओली मॅट.

"ताई, मले कोन्ता जमन? हळूचा का पॉवर?"

"पॉवर. लवकर पोट जाते."

"तुमाले काही त्रास नाही होत?"

"मले काय होते?"

दुसऱ्या दिवसापासून ते पॉवरमंधी आली. त्याच हप्त्यात उडी मारता मारता खाली बसली. तोंड पांढरं पडलं, धाप लागली. हळूच्या बॅचच्या मेश्राम काकू दारात उभ्या होत्या. त्या धावल्या, तिचा कुरता वर केला. आत पट्टी. माह्यावानीच, गच्च.

"हे काहून बांधलं वं?" काकू गाठ सोडता सोडता म्हणे.

"ताईच्या कुरत्यातून गाठ दिसते ना. म्हणून मी बी बांधली."

मले वाटलं जमीन फाटावी. दवाखान्यात नेलं. तिथं सिस्टरनं विचारलं, एवढं आवळून उड्या मारायले कोणी सांगतलं? पूजानं माह्याकडं पाह्यलं आन् मान खाली घातली. माहं नाव घेतलं नाही. घेतलं असतं त बरं झालं असतं.

पूजा संध्याकाळपर्यंत घरी गेली, ठीक होती. मले काही झोप लागली नाही.

सकाळी दोन्ही बॅचच्या बाया बसवल्या आन् सगळ्याईसमोर कुरत्याखालून पट्टी काढाले लागली. निंघतच राह्यली ते. उडी मारली की मले थोडी लघवी होते, म्हणून बाटली मीनंच पाडलती, हे बी सांगतलं.

मंग मेश्राम काकू म्हणे, "एवढं लुगडं पोटाले? वाळत घालाले दोरी पुरन का?"

मांगून एक बाई हळूच बोलली, "मले त खोकललं तरी होते."

"मले हासलं तरी होते. हासवू नोका ना काकू."

अर्ध्या बाया खाली पाहून हासून राह्यल्या होत्या. एवढ्या दिवसाच्या उड्या, आन् कोणीच कोणाले सांगतलं नव्हतं.

गोष्ट मॅडमपर्यंत गेली. "ये सब बताने की क्या ज़रूरत थी?" एवढंच म्हणे आन् पॉवर बॅच दुसऱ्या पोरीले देली. माह्याकडं हळूची राह्यली. बंद काही झाली नाही, उलट पॉवरच्या काही बाया मुकाट्यानं इकडं येऊन बसल्या. पूजा नाही आली. बजारात तिची सासू दिसली की मीच गल्ली बदलते.

आता नवी बाई येते, विचारते, ताई, मले कोन्ता योगा जमन? मी तिचं पोट पाहत नाही, वय बी विचारत नाही. दार लावते आन् म्हणते, पयले खोकलून पाहा.