मायनरवाल्या मॅडम

आमच्या कॉलेजातली पोरं 'मायनर' हा शब्द ज्या सुरात उच्चारतात, तो सूर मी फक्त माझ्या सासूबाईंच्या तोंडी ऐकलाय, माझ्याविषयी बोलताना. पूल, पाणी, काँक्रीट, गणित हे मेजर. नीतिशास्त्र, इतिहास, कला आणि 'समाज व संस्कृती' हे मायनर. सरकारनं इंजिनियरिंगच्या पोरांवर लादलेले, म्हणून घ्यायचे आणि जमेल तसे उरकायचे. त्यातला 'समाज व संस्कृती' ल्युसिना दिमायुगा मॅडमकडे होता. आमच्या बातांगास प्रांतातल्या निम्म्या इंजिनियरांना तो त्यांनी शिकवला असेल आणि त्यातल्या निम्म्यांना आज त्यांचं नावही आठवणार नाही.

शिक्षकखोलीत त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. वरचा एसी गळायचा. त्याखाली त्यांनी आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवला होता. डबा भरला की उठायच्या, खिडकीतल्या कुंडीत पाणी ओतायच्या आणि पुन्हा पेपर तपासायला बसायच्या. "पाण्याचे मास्तर शेजारी बसतात आणि माझ्या डोक्यावर पाणी गळतं," असं मला अधूनमधून ऐकवायच्या. मी जलशास्त्र शिकवतो; आमच्याकडे पदवीनंच हाक मारतात, म्हणून त्या मला 'इंजिनियर' म्हणायच्या. त्या गळतीचं मला कधीच काही करता आलं नाही.

मॅडम मनिलात मानववंशशास्त्र शिकल्या होत्या. उत्तरेच्या डोंगरात जाऊन राहायचं, तिथल्या लोकांबरोबर भात लावायचा, त्यांच्याकडून ऐकायचं आणि लिहायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. तेवढ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. एका सत्रापुरत्या म्हणून गावी आल्या, एका सत्रापुरतं काम धरलं. आई बरीच वर्षं अंथरुणावर राहिली. ती गेली तेव्हा मॅडमचे गुडघे डोंगर चढायचे राहिले नव्हते. कायम नोकरी मिळाली नाहीच. प्रत्येक सत्राला नवा करार, सकाळी आमच्याकडे, दुपारी नर्सिंगच्या मुलींकडे, मध्ये खच्चून भरलेल्या जीपनीतून हेलपाटे. एका हातात छत्री, दुसऱ्यात कडक कॉफीचा थर्मास.

"मायनर असून मेजरचा तोरा," असं पोरं त्यांच्यामागे म्हणायची. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाल्या, "मान ताठ दिसते ती तोऱ्यानं नाही रे बाबांनो, मणक्यानं. डॉक्टरांचा कागद दाखवू का?" पोरं हसली. मॅडमही हसल्या आणि खोलीत येऊन डोळे मिटून बसल्या.

त्यांच्या विषयात एकच गोष्ट पोरांना जड जायची. प्रत्येकानं एखाद्या वस्तीत जायचं, तिथं जे बांधलंय किंवा बांधायचंय त्याबद्दल लोकांचं म्हणणं समजून घ्यायचं. पण हातात कागद धरायचा नाही. लोक जे काम करत असतील त्याला हात लावायचा, देतील ते खायचं, गप्पा मारायच्या आणि त्या गप्पांतून कळेल तेवढं कळून घ्यायचं. पोरं वैतागायची. यात मोजायचं काय, असं विचारायची.

"गळ्यात ओळखपत्र अडकवून कुणी दारात आलं की आपली माणसं काय म्हणतात?" मॅडम दर सत्रात सांगायच्या. "'हो, छान आहे.' घरात आजारी माणूस असू दे, चूल पेटलेली नसू दे, तरी 'छान आहे'. तोंडावर नाही म्हणायची आपल्याला लाज वाटते. ते उत्तर नसतं. पाहुण्यापुढे सरकवलेली खुर्ची असते ती. तुम्ही खुर्चीत बसून येता आणि मला सांगता, घर बघितलं."

हे मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही पाठ झालं होतं.

त्या वर्षी सत्र संपताना त्यांनी रेन्झ काटिगबाकचे गुण अडवले. रेन्झ म्हणजे आमचा हुकमी एक्का. इंजिनियरीचा परवाना देणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेत देशात पहिल्या दहात येईल असा पोरगा कॉलेजला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. त्याच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक मी. तळ्याकाठच्या पुंता वस्तीत कोळणींसाठी मासळी उतरवायची आणि विकायची नवी शेड, असा तो प्रकल्प. नगरपालिकेला तो इतका आवडला की त्याच नकाशावर बांधायचं ठरलं. रेन्झनं सगळी वस्ती पालथी घालून लोकांना विचारलं. सगळे म्हणाले, छान आहे. त्यानं तक्ता करून मॅडमना दिला आणि मॅडमनी 'अपूर्ण' असा शेरा मारून परत केला. हा शेरा पुसला गेला नाही तर पदवी नाही आणि पदवी नाही तर यंदाचं बोर्ड नाही.

डीन माग्सिनोंनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मॅडम, गेटवर रेन्झचा बॅनर लावायला मी खिळे ठोकून ठेवलेत," ते म्हणाले.

"थोडे थांबू द्या खिळ्यांना," मॅडम म्हणाल्या.

"अहो, मायनर आहे ते."

"हो ना. मग एवढं कशाला अडलंय?"

डीननी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे. मग ते मऊ आवाजात बोलू लागले. पुढच्या वर्षापासून हा विषय जाणार, त्या तासांत बोर्डाची तयारी घ्यायची, वरूनच तसं ठरलंय. पण मॅडमसाठी अकरावी-बारावीच्या शाळेत शब्द टाकता येईल. माणसानं माणसाला सांभाळून घ्यायचं असतं, वगैरे. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बघते."

खोलीत आल्यावर त्यांनी पाव कॉफीत बुडवला आणि तो तसाच हातात धरून बसल्या.

"मी दमलेय, इंजिनियर. पास लिहावं आणि घरी जाऊन झोपावं."

"मग लिहा की," मी म्हणालो. "तुमच्या एका सहीनं काय बिघडणार आहे?"

"काहीच नाही. तेच तर आहे ना. इतक्या वर्षांत माझ्या सहीनं काही बिघडलंही नाही आणि सुधारलंही नाही." पाव तुटून कॉफीत पडला.

दुपारी रेन्झ आला. चेहरा लाल.

"मॅडम, मी खरंच गेलो होतो. बाकीच्यांनी कॅन्टीनमध्ये बसून मनानं लिहिलं. ते पास. मी नापास."

"माहीत आहे मला. त्यांचे कागद कपाटात जातील, रेन्झ. तुझं बांधलं जाणार आहे."

"पण लोक स्वतःच छान म्हणाले. मी काय त्यांच्या तोंडात शब्द घातले?"

"शनिवारी ये माझ्याबरोबर. इंजिनियर गाडी आणतील."

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी शनिवारी मी गाडी घेऊन गेलो.

पुंत्याच्या किनाऱ्यावर आलिंग सेपा मासे साफ करत बसली होती. पोरापोरींची आजी झालेली, दंड गवंड्यासारखे. आम्हाला बघून उठली, प्लास्टिकची खुर्ची पदरानं पुसावी तशी एप्रनानं पुसली आणि रेन्झपुढे ठेवली. रेन्झ बसला, क्लिपबोर्ड मांडीवर. मॅडमनी तो क्लिपबोर्ड काढून घेतला आणि त्याच क्लिपबोर्डानं माशांवरच्या माश्या हाकलू लागल्या. मग एका खोक्यावर बसल्या, सुरी उचलली आणि तळ्यातले ते बोटभर रुपेरी मासे चिरायला लागल्या. सराव दिसत होता. मी गाडीच्या सावलीत उभा राहिलो.

बराच वेळ कुणी रेन्झकडे लक्ष दिलं नाही. अखेर तोच खुर्ची सोडून खाली बसला आणि सुरी मागितली.

"हा मासा चिरतोय की त्याची माफी मागतोय?" आलिंग सेपानं मॅडमना विचारलं. "ए पोरा, पोटाकडून. शिक्षण घेतलंस ना?"

"घेतलंय, नानाय," आईला म्हणावं तसं रेन्झ म्हणाला.

"मग? मैत्रीण आहे का तुला?"

"नाही. बोर्डाचा अभ्यास आहे."

"बोर्डाशीच लग्न कर मग. स्वयंपाक तुलाच करावा लागेल."

शेजारच्या बायका खिदळल्या. रेन्झ पहिल्यांदा हसला. मग आलिंग सेपा नवऱ्याबद्दल बोलली, तो अंधार असतानाच होडी घेऊन गेला होता. जावयाबद्दल बोलली, तो कुठेच जात नव्हता. बोलताना तिचे हात माशात आणि नजर दर थोड्या वेळानं तळ्यावर. रेन्झनं आपणहून शेडबद्दल सांगितलं. टाइल लावलेले ओटे, नळ, वर छप्पर. ती म्हणत होती, छान, छान.

"आणि तळ्याच्या बाजूला भिंत, नानाय. वारा नाही, पाण्याचे शिंतोडे नाहीत."

आलिंग सेपाची सुरी थांबली. फार नाही, श्वासभर. मग म्हणाली, "छान," आणि सुरी पुन्हा चालू लागली.

परत येताना रेन्झ पुढे माझ्याशेजारी बसला. मॅडम मागच्या सीटवर डोळे मिटून पडल्या होत्या. गावाची वेस आली तेव्हा रेन्झ म्हणाला, "सर, मी भिंतीचं बोललो तेव्हा त्यांची सुरी थांबली."

"थांबली असेल."

"का थांबली असेल?"

"विचारायचंस की."

"विचारलं असतं तर त्या छानच म्हणाल्या असत्या." त्यानं खिडकीची काच खाली केली. "मला पुन्हा जावं लागेल."

मागे मॅडमनी डोळे उघडले. मला आरशात दिसलं. पुढच्या लोमीच्या दुकानापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि तिघांसाठी अंडं घातलेली लोमी, म्हणजे दाट रश्श्यातल्या शेवया, मागवली. रेन्झ हात धुवायला गेला तेव्हा मला म्हणाल्या, "पास करते सोमवारी."

"त्याला अजून काहीच कळलेलं नाही," मी म्हणालो.

"पुन्हा जावं लागेल, हे वाक्य मी या कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं, इंजिनियर." त्या दिवशी त्यांना किती आनंद झाला होता ते लपत नव्हतं, आणि त्यांना बघून मलाही बरं वाटलं होतं, हे सांगून टाकतो.

रेन्झ पुन्हा गेला नाही. जायचं त्याच्या मनात होतं, याबद्दल मला शंका नाही. पण सोमवारपासून मनिलात बोर्डाचा क्लास सुरू झाला. भिंतीचं बघायचं राहिलंय, असं त्यानं डीनना कळवलं. आधी बोर्ड, असं डीननी कळवलं. नकाशा होता तसा नगरपालिकेत गेला.

बोर्डाचा निकाल लागला, रेन्झ पहिल्या दहात आला आणि खिळ्यांचं सार्थक झालं. बॅनरवर रेन्झचा दोन माणसांएवढा चेहरा, खाली डीन, क्लासवाले, मेजर शिकवणारे आम्ही सगळे. दिमायुगा मॅडमचं नाव नव्हतं. तोवर त्यांचा विषय गेला होता, त्याही गेल्या होत्या. अकरावी-बारावीच्या शाळेत टाकायचा तो शब्द डीनच्या तोंडातच राहिला. त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर आहे. आइस्क्रीमचा डबा मी रिकामा करतो.

सत्काराला रेन्झ नवाकोरा बारोंग, समारंभाचा झिरझिरीत सदरा, घालून आला. आता सगळेच त्याला इंजिनियर म्हणत होते. फोटो झाले. जेवणं सुरू व्हायच्या वेळी त्यानं मला बाजूला घेतलं.

"दिमायुगा मॅडम कुठे असतात, सर?"

"पुंत्याला. सकाळच्या जाऊन बसतात तिथं."

"कशासाठी?"

"कशासाठी नाही. बसतात."

जेवण तसंच टाकून आम्ही निघालो.

शेड उभी राहिली होती. निळं छप्पर, पांढऱ्या टाइल, चकचकीत नळ, अगदी नकाशातल्यासारखी. आत कुणी नव्हतं. एका ओट्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. बायका सगळ्या बाहेर वाळूवर, उन्हात, छत्र्या रोवून बसल्या होत्या, तळ्याकडे तोंड करून. आतून तळं दिसत नव्हतं. ज्यांची माणसं पाण्यावर आहेत त्या बायका भिंतीकडे बघत बसणार नव्हत्या, एवढी साधी गोष्ट होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि सांगणारही नव्हत्या.

रेन्झ भिंतीपाशी उभा राहून एकदा आत बघायचा, एकदा बाहेर. मॅडमनी त्याला बघितलं, पण त्या उठल्या नाहीत. आलिंग सेपा उठली. हात एप्रनाला पुसले, कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची आणली, नीट पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"बसा, इंजिनियर. फार छान झालंय हो तुमचं काम. फार छान."

मला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर पोराला सोपं गेलं असतं. रेन्झ त्या खुर्चीकडे बघत राहिला.  मग त्यानं बारोंगच्या बाह्या दुमडल्या, खुर्चीला वळसा घातला आणि मॅडमच्या शेजारी वाळूवर बसला. मॅडमनी आपल्या हातातली सुरी त्याला दिली.

भिंतीचं कुणीच काही बोललं नाही. त्यानं एक मासा चिरला, दुसरा चिरला. आलिंग सेपा तळ्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं, त्याच्याकडे न बघताच, तिनं विचारलं, "अजून माफीच मागतोयस का रे त्याची?"

"हो, नानाय," रेन्झ म्हणाला.

खुर्ची मध्येच रिकामी पडली होती. शेवटी तिच्यावर मी बसलो.