शेवटच्या तारखेचा माणूस

वकीलबाईंच्या ऑफिसातल्या कारकुनाला सगळे मुदतराव म्हणत. हे नाव त्यांनी कमावलेलं होतं. कोणतंही उत्तर शेवटच्या तारखेला, खिडकी बंद व्हायच्या बेतात असताना दाखल करायचं, म्हणजे समोरच्या पार्टीला धड वाचायलाही वेळ मिळू नये, यात त्यांचा हातखंडा होता. लोकांच्या भांडणांच्या फायली वाहून त्यांचा एक खांदा उतरला होता. आणि आता, डोक्यावरचे केस बोटांवर मोजण्याइतके उरल्यावर, त्यांना स्वतः वकील व्हायचं होतं.

संध्याकाळच्या लॉ कॉलेजात जागा मोजक्या; अर्ज येतील तशा भरत जायच्या. हे माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. पण गेल्या वर्षी मुदतरावांची नजर थेट शेवटच्या तारखेवर गेली. त्या दिवशी त्यांनी विजयी मुद्रेने अर्ज खिडकीत सरकवला आणि तो शांतपणे परत बाहेर आला. जागा केव्हाच भरल्या होत्या. आता यंदाची तुकडी शेवटची. पुढे संध्याकाळचे वर्गच बंद होणार होते.

अर्ज सुरू झाले त्या सकाळी बायकोने डब्याबरोबर अर्जही त्यांच्या पिशवीत कोंबला. मुदतरावांनी कुरकुर केली. वकील का व्हायचंय, या निबंधात ‘सबब अर्जदाराची नम्र विनंती’ कुठे बसवावं हे अजून ठरत नव्हतं. शिवाय इतक्या लवकर अर्ज दिला की आपले पत्ते उघडे पडतात.

बायकोने डब्याचं झाकण दाबलं. “कुणापुढे? यात समोरची पार्टी कोण आहे हो?”

मुदतराव चप्पल शोधू लागले. चप्पल पायातच होती.

दिवसभर कोर्टाचे जिने चढून-उतरून पायांचे तुकडे पडले. संध्याकाळी कॉलेजात पोचले तर लिफ्ट बंद. ऑफिस सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथला कारकून टेबल आवरून निघण्याच्या तयारीत होता. त्याने अर्जाकडे पाहिलं, मग घामाघूम मुदतरावांकडे.

“काका, आजच तर सुरू झालंय. मुदत भरपूर आहे. सावकाश आणा की.”

मुदतरावांना तो माणूस फार आवडला. इतकं समंजस बोलणं त्यांनी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. हात अर्ज मागे घ्यायला पुढेही झाला. घरी जावं, निबंधावर एकदा नजर फिरवावी, पुढच्या आठवड्यात यावं...

म्हणजे हे जिने पुन्हा चढायचे.

मुदतराव समोरच्या बाकावर बसले, किंवा पायांनीच त्यांना बसवलं.

“नाही हो,” ते म्हणाले, “आता परत येण्याचं त्राण नाही. आजच घ्या.”

कारकुनाने वैतागून आवरलेला ड्रॉवर पुन्हा उघडला आणि शिक्का शोधू लागला. मुदतरावांनी डोळे मिटले. त्यांना कसलीच घाई नव्हती.