सुभद्रा फिरते

अमरावतीच्या कॉलेजात प्रयोगशाळेची काचभांडी धुता धुता बुधाजीला दहा वर्षं झाली होती. बार्शीटाकळीहून आला तेव्हा पिपेट कुठून धरायची हेही त्याला ठाऊक नव्हतं. अडुसष्ट साली मात्र रसायनाचे भगवंतराव सर त्याच्याखेरीज कुणाच्या हातचं द्रावण यंत्रात जाऊ देत नसत. यंत्र सरांनी स्वतःच जुळवलेलं: पाऱ्याचा दिवा, दोन पोलरॉइड काचा, एक थरथरता काटा. यीस्टच्या मारलेल्या पेशींतून ट्रान्सफर आरएनए नावाचा रेणू काढायचा, त्याला चमकणारा रंग चिकटवायचा, आणि त्याच्याकडून येणाऱ्या उजेडाची दिशा किती विस्कटली यावरून तो पाण्यात किती वेगानं फिरतो ते ओळखायचं.

"फिरतो" हा शब्द सर दिवसातून पन्नासदा उच्चारत, आणि दर वेळी बुधाजी शहारे. घरीही हाच शब्द त्याची वाट पाहत असायचा.

सहा महिन्यांपूर्वी त्याची बायको सुभद्रा बाळंतपणात गेली, पोरगी मागे ठेवून. ओली बाळंतीण गेली की फिरते, असं त्याची माय चतुराबाई म्हणे. झोळी आपोआप हलते, पोरगी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून हसते, हे तिनं शेजारणींना शपथेवर सांगितलं होतं. शेवटी तिनं गावाकडच्या शालिकराम भगताला सांगावा धाडला. बुधवारी दुपारी तो येणार, उंबऱ्यात चार खिळे ठोकणार, की सुभद्रा पुन्हा घरात पाऊल टाकायची नाही.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बुधाजीनं आपल्या हातानं नदीत सोडले होते. भगत त्याला उंबऱ्यावर नकोच होता. पण पोरीला काही झालं तर? आणि खरं सांगायचं तर सुभद्रा येते याहून ती यायची बंद होईल, याचंच त्याला भय होतं.

बुधवारी सकाळी त्यानं विचारलंच. "सर, हे मेलेल्या जिवातलं हाये न? मंग फिरते काहून?"

"ते कुठं फिरतं?" सर काट्यावरून नजर न काढता म्हणाले. "पाणी फिरवतं त्याला. चहूबाजूंनी पाण्याचे कण येऊन धडकतात, क्षणाची उसंत नाही."

"अन् थांबवाचं असलं तं?"

"ग्लिसरीन घाल, मंदावेल. गोठव, थांबेल. पण मग ते काय कामाचं? प्रथिनाचा एकेक मणी उचलून पोचवायचा, एवढंच त्याचं काम. जागीच खिळलं तर कुणाला काय नेऊन देईल?"

बुधाजीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घरी शालिकराम चहा पीत बसला होता. खिळे बशीत मांडलेले. चतुराबाई उंबरा पुसत होती.

"माय," बुधाजी दारातूनच म्हणाला, "सुभद्रा फिरत नाई. आपण फिरवून राहिलो तिले. सकायी तिचं नाव, सांजीले तिचं नाव. थांबाले जागा ठेवली का आपण तिले?"

भगत हसला. "लय शिकला व तुया पोरगा, चतुराबाई. इचार त्याले, थे झोळी कोन हालवते?"

तिघांनी पाहिलं. वैशाखातली दुपार, वारा मुळीच नव्हता. झोळी हलत होती. जोरात नाही; निजलेल्या लेकराला हात लावून कुणी बसावं, तेवढीच. दोराला पीळ असेल. पोरीचा श्वास असेल. हे मोजणारा काटा सरांच्या यंत्रात नव्हता.

"हालवू दे," तो म्हणाला. बशीतले खिळे उचलून त्यानं भगताच्या मुठीत दिले. "पोरगी झोपली न?"

मागाहून मले बलावू नका, असं बजावत शालिकराम निघून गेला. चतुराबाई दोन दिवस लेकाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी बुधाजी अंगणात तोंड धूत होता. आत माय दुधाची वाटी घेऊन झोळीपाशी आली आणि उभीच राहिली.

"सरक व बाई जराशी," ती रिकाम्या जागेला म्हणाली. "पोरीले पाजू दे."

आणि कुणी सरकेपर्यंत थांबावं तेवढं थांबून ती खाली बसली.