दहाव्या कार्डातली विहीर

बारामतीच्या कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं ते गणित नको म्हणून. नव्वदीची सुरुवात होती. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल आलं. शाईच्या डागांची दहा कार्डं एकेक करून समोरच्याला दाखवायची, काय दिसतं ते विचारायचं आणि उत्तरं जर्नलात लिहायची. खरं सांगायचं तर कुणीच कुणाला विचारत नसे. होस्टेलच्या कॉटवर बसून आम्ही सगळ्या जणी उत्तरं मनानंच ठोकून द्यायचो आणि वर मैत्रिणीचं नाव घालून मोकळ्या व्हायचो.

मी नाव घातलं माझ्याच खोलीतल्या मैत्रिणीचं. ती बावड्याची. नऊ कार्डांवर फुलपाखरं, वटवाघळं, बेडूक वाटून टाकले. दहाव्याला डोकंच चालेना. मी निरवांगीच्या मळ्यात वाढलेली. लहानपणी विहिरीच्या काठाला जायची सक्त मनाई होती, त्यामुळे डोळे मिटले की तीच विहीर समोर यायची. लिहिलं, ‘विहीर. पाण्यावर बाईचे मोकळे केस.’ सरांनी शेजारी ‘उत्तम’ असा शेरा मारला. मला हसू आवरेना.

रविवारी दुपारी ती माझं जर्नल उतरवून घ्यायला बसली. शेवटच्या पानावर तिचं पेन थांबलं.

“तुला कुनी सांगितलं?”

“काय?”

“माझ्या आईचं.”

दोन वर्षं एका खोलीत राहून तिला आई नाही एवढंच मला ठाऊक होतं. पाणी शेंदताना आईचा पाय घसरला, तेव्हा ही चार वर्षांची. आईला वर काढलं तेव्हा बायकांनी हिला पदराआड दाबून धरलं होतं. हिला दिसले ते केस तेवढे.

कल्पना आपली स्वतःची असते, असं मी तोवर समजत होते.

“मी आपलं मनानं लिवलंय गं. खोटं हाय सगळं,” मी म्हणाले. मला भयंकर लाज वाटत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती जवळ सरकली.

“मग तोंड बी लिव की,” ती हळूच म्हणाली. “मला आईचं तोंडच आठवत न्हाय.”

तिनं जर्नल माझ्या पुढ्यात ठेवलं. अर्ध्या तासात दहा उत्तरं ठोकणारी मी, मला साधं नाकसुद्धा सुचेना. खाली जेवणाची घंटा झाली, बाकीच्या ताटं घेऊन गेल्या, तरी ती माझ्या पेनाकडे बघत बसून होती.