सागवानाची मुदत

आईला पुरलं त्याच दुपारी, कबरीवरची माती अजून बसलीही नव्हती, तेव्हा पप्पांनी दफनभूमीच्या कारकुनाला विचारलं, "इसी में मेरा भी हो जाएगा ना?"

कारकून म्हणाला, होईल, पण सात साल के बाद. दिल्लीत मेलेल्यांनाही जागा अपुरी पडते. म्हणून आमच्या दफनभूमीत एका घरच्या माणसांना तीच कबर पुन्हा उघडून देतात. मात्र आधीची पेटी आणि देह मातीत मिळायला वेळ द्यावा लागतो. त्याआधी कोणी गेलं तर मागच्या भिंतीजवळ असेल ती जागा.

"मग मी सात वर्षं थांबतो," पप्पा मला म्हणाले. बसस्टॉपवर उभ्या माणसाने म्हणावं तसं.

तेव्हा त्यांना एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी धरून चाललो. पण पप्पांनी केंद्र सरकारच्या नोकरीत छत्तीस वर्षं काढलेली. नियम एकदा कळला की तो पाळायचा, इतकंच त्यांना ठाऊक.

मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर मापंच घेतो. आकड्यांचा मला कंटाळा नाही. पण कंपनीच्या बसमधून उतरून घरात पाऊल टाकलं की पप्पांचा पहिला प्रश्न, "किती राहिले?"

"एकसष्ट महिने."

"आणि दिवस?"

"अकरा."

मग ते कॅलेंडर काढून माझा हिशोब पडताळून बघत. माझा!

एका निळ्या फाइलमध्ये सगळी तयारी होती. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, दफनाच्या दिवशी चर्चमधल्या मिस्सेत म्हणायच्या चार गीतांची यादी. चारही मराठी, आणि खाली टीप: 'हिंदी चालेल, पण आधी मराठी.' मग पेटीत ठेवतानाच्या सूचना: अंगात राखाडी सूट. हातात जपमाळ, ती स्वतःची, कारण आईची आईबरोबर गेली. तो सूट दर हिवाळ्यात बाल्कनीत उन्हाला घालावा लागे. माझी बायको म्हणायची, "पप्पा, तुमच्यापेक्षा तुमचा सूटच जास्त ऊन खातो."

"त्याला पुढे ऊन मिळणार नाहीये," पप्पा म्हणत.

इथपर्यंत ठीक होतं. पण मरणाची एवढी तयारी असलेला हा माणूस मरणाला इतका घाबरून वागायला लागला की माझं डोकं फिरायची वेळ आली. नगरला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, तिकिटं काढली होती, आदल्या दिवशी पप्पांनी यायचं नाकारलं. "तिकडे गेलो तर तिकडेच पुराल. तुम्ही लोक सोय बघता." हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन आहे. पप्पा म्हणाले, "टेबलावरच आटोपलो तर? अजून चोपन्न महिने आहेत." पुढची साडेचार वर्षं ते पट्टा बांधून, पोटावर हात दाबून चालले. मी विनवलं, ओरडलो, अबोला धरला. पट्टा सुटला नाही.

आणि साधी सर्दी झाली तरी फादरांना बोलावणं. आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार पुन्हा पुन्हा घेता येतो, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. फादर झारखंडचे, शांत माणूस. पाचव्या वेळी कपाळाला तेल लावून ते म्हणाले, "बाबूजी, मुझे तो लगता है आप मुझे दफ़ना के जाएँगे."

"तेल कम पड़ रहा है क्या, फादर?" पप्पांनी विचारलं.

अखेर सात वर्षं पूर्ण झाली. ऐनवेळी धावपळ नको म्हणून मी रजा काढून परवानगीचा कागद आधीच आणायला गेलो. कारकून तोच. त्याने रजिस्टर उघडलं, ओळीवर बोट फिरवलं आणि थांबला.

"पेटी सागौन की थी, साहब. सागौन में दस साल."

"आपने सात बताया था."

"वो मामूली लकड़ी का बताया था. पीछे लिखा है, देखिए."

पानाच्या मागे खरंच लिहिलं होतं. पुढे माझी सही होती. पुढची बाजू मी तेव्हा अक्षर न अक्षर वाचली होती. मागची नाही. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

पेटी मीच निवडली होती. दुकानात दोन दाखवल्या. दोन्हींवर मी टिचक्या मारल्या, सांधे तपासले, झाकण उघडझाप करून पाहिलं. सागवानी किती टिकेल, असंही विचारलं. दुकानदार म्हणाला, "पचास साल हिलेगी नहीं." हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे एकोणनव्वद."

"हो."

"तुला सागवान कोणी सांगितलं होतं? पेटी होती, दिवाण नव्हता."

"आईसाठी चांगलं बघावंसं वाटलं."

त्यांनी कॅलेंडर काढलं आणि पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "ती म्हणालीच असती, कशाला एवढं." आणि लगेच, पट्टा चाचपत, "तो हर्नियाचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो? अजून तीन वर्षं काही या पट्ट्यावर निघणार नाहीत."

मी बायकोकडे बघितलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली, हसू लपवायला. साडेचार वर्षं मी या माणसाशी भांडत होतो.

ऑपरेशन नीट झालं. आदल्या दिवशी अर्थातच फादर येऊन सहाव्यांदा तेल लावून गेले. दवाखान्याचे कागद लावायला मी निळी फाइल उघडली, तर यादीच्या शेवटी नवी ओळ होती, थरथरत्या अक्षरात: 'माझी पेटी साध्यातल्या साध्या लाकडाची. मुलाने तपासू नये. पुढच्याला थांबावं लागू नये.'

पुढचा म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

"किती राहिले?" आतून आवाज आला.

"पस्तीस महिने."

"आणि दिवस?"