चार पर्यायांत नसलेलं नाव

माझ्या नणंदेचं नाव घ्यायला आमच्या घरात कित्येक वर्षं बंदी होती.

आज सकाळी ती गेली. नांदेडच्या दवाखान्यात. सुमन. माझ्याहून लहान होती.

नव्वदच्या दशकात तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी कोर्ट मॅरेज केलं आणि औंढ्याला संसार थाटला. आम्ही सेनगावला. हिंगोलीला गाडी बदलली की औंढा, एवढंच अंतर.

पण माझे सासरे म्हणाले, "या घरात तिचं नाव कुणी काढायचं न्हाई."

मामंजींचा शब्द. कुणी काढलं नाही.

पुढे काही वर्षांनी मामंजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजायचं सगळं, पण सांगता काहीच यायचं नाही.

तेव्हा टीव्हीवर जनरल नॉलेजचा एक क्विझ शो जोरात होता. रात्री लोडशेडिंग, म्हणून आम्ही दुपारचा रिपीट बघायचो. पडद्यावर चार पर्याय आले की मामंजी डाव्या हाताची बोटं वर करायचे. एक म्हणजे ए, दोन म्हणजे बी. उत्तर चुकलं की टीव्हीकडे असे बघायचे, जणू चूक टीव्हीचीच.

त्यावरूनच मला सुचलं.

"मामंजी, ए चहा, बी पाणी, सी कूस बदलायची, डी आवाज वाढवू?"

तीन बोटं.

झालं. आमच्या घराला भाषा मिळाली.

माझ्या सासूबाई, आत्याबाई, ए-बी-सी-डीच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"एक बोट पिठलं, दोन बोटं वरण. लवकर बोला, भाकर करपून राहिली."

मामंजी मान हलवायचे.

"दोन्ही न्हाई? मंग काय, बिर्याणी मागवू? जनमभर हुकूम सोडले, आता बोटं दाखवा बराबर!"

मामंजी हसायचे. अर्ध्या तोंडानं.

त्या हिवाळ्यात मात्र ते कशालाच बोट वर करेनात. नुसती मान हलवायचे आणि डोळ्यांत पाणी. काहीतरी पाहिजे होतं, आणि ते आमच्या पर्यायांत नव्हतं.

शेतावर जायचं? नाही. मोठ्या डॉक्टरला दाखवू? नाही. भावकीतल्या कुणाला बोलावू? नाही.

एकदा ह्यांनी विचारलं, "औंढ्याला जायचं का, नागनाथाला?"

हात लगेच वर.

आम्ही जीप केली. देवळापाशी उतरवायला गेलो तर मामंजी उतरेनात. रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे बघत बसले. आम्ही शहाणे, त्यांच्या कपाळाला अंगारा लावून परत आलो.

मग नाताळ आला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. नाताळ म्हटलं की मला अजून सिस्टरांच्या केकचा वास येतो. त्या दिवशी शोचा खास भाग होता. सगळीकडे चांदण्या, झाड, लाल टोप्या. प्रश्न आला: तीन ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूला दिलेल्या भेटींत काय नव्हतं? सोनं, ऊद, गंधरस, चांदी.

"चांदी! डी!" मी ओरडलेच. शाळेच्या नाटकात मी स्वतः ऊद घेऊन गेले होते.

मामंजींनी बोट वर केलं नाही.

टीव्हीवरचा माणूस अडला होता. त्यानं फोनची मदत मागितली. मुलीला लावला.

"हॅलो, पप्पा?"

मामंजींच्या तोंडून आवाज फुटला. शब्द नव्हता तो. डावा हात टीव्हीकडे ताणलेला, आणि नजर माझ्यावर.

मला कळलं. पण ते नाव तोंडातून काढायला धीर होईना.

"मामंजी, ए शेत. बी दवाखाना. सी देऊळ."

मी थांबले.

"डी, सुमन."

चार बोटं. खाली घेईनात.

मागे आत्याबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांनी सोताच्या गळ्याची शपथ घातली व्हती मला. तिचं नाव काढलं तर मी मेलो समज, म्हणले. असा बिछान्याला खिळलेला माणूस, कशी मोडू बाई शपथ?"

हे तसेच उठले आणि औंढ्याला गेले.

संध्याकाळी सुमन आली. घाईत स्वेटर उलटा घातलेला. उंबऱ्यातच थांबली.

ह्यांना काय करावं सुचेना. "बाबा, ए, सुमन आली, बरं वाटलं. बी..."

"दादा, गप बैस. माझ्या बापाची परीक्षा घेऊन राहिला का?"

आणि खाटेवर बसून तिनं मामंजींची नखं कापायला घेतली. फार वाढली होती. दोघांपैकी कुणीही रडलं नाही. रडलो आम्ही.

शिमग्याच्या आधी मामंजी गेले. तोवर ती दर आठवड्याला आली.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात मी तिच्याजवळ बसले होते. ऑक्सिजन लावलेला होता, तरी मास्क बाजूला करून म्हणाली, "वैनी, एक इचारू? बाबांनी मला माफ करायला बोलावलं व्हतं, का माफी मागायला?"

"मागायला."

"तुमाला काय ठाऊक?"

"मी समोर होते ना. माफ करणारा माणूस असा हात वर करून ठेवत नाही गं."

तिनं मास्क लावून दोन श्वास घेतले, परत बाजूला केला.

मग म्हणाली, "माफ तर म्या त्यांना त्या दिशी औंढा सुटायच्या आतच केलं व्हतं."

सुमन, सुखानं जा.

आमच्या सगळ्यांचा भरल्या मनानं तुला निरोप.